चमचा धरायला शिकवणाऱ्या बाईंचा पगार

शिरूर तालुक्यात रांजणगाव, दौंड तालुक्यात कुरकुंभ. या दोन एमआयडीसींच्या आसपास काम करणाऱ्या संस्थांच्या कपाटात 2014 नंतर एक नवी फाईल आली, सीएसआर म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीसाठीच्या प्रस्तावाची. कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले किमान 2 टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात, तेही आसपासच्या भागाला प्राधान्य देऊन. दिव्यांगांचं शिक्षण आणि व्यवसाय प्रशिक्षणही त्या यादीत आहे. पैसा तालुक्यात आला, हे चांगलंच झालं.

पण त्याच पैशासाठी शाळाखोल्या, बंधारे, वृक्षारोपण, आरोग्य शिबिरं असे सगळेच रांगेत असतात. फाईलमध्ये धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी, आयकराची 12ए आणि 80जी प्रमाणपत्रं, ऑडिट, 2021 पासून सीएसआर-1 चा नंबर लागतो. आणि एक प्रश्न हमखास येतो: लाभार्थी किती?

दिव्यांगांसाठी काम करणारी संस्था इथेच मागे पडते. शंभर तीनचाकी सायकली वाटल्या, की शंभराचा आकडा मिळतो आणि फोटोही निघतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला आपल्या हाताने जेवायला शिकवायचं, तर विशेष शिक्षिका असलेल्या बाई आधी चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून तो जाड करतात. मागे बसून त्याचं मनगट धरतात, घास तोंडापर्यंत नेतात. जमू लागलं की हात मनगटावरून कोपरापाशी आणतात, मग सोडून बघतात. घास सांडतो, पुन्हा मनगट. यात महिने जातात, कधी वर्षही पुरत नाही. आणि लाभार्थी एकच.

मंजुरी बहुधा एका वर्षाची असते. मार्चनंतर पगाराची खात्री नसेल तर बाई दुसरी नोकरी धरतात, त्यांचा दोष नाही. नव्या बाईंशी त्या मुलाची ओळख पहिल्यापासून. शहरातल्या संस्थांकडे प्रस्ताव लिहायला वेगळा माणूस असतो, तालुक्यात तेच काम मुख्याध्यापक रात्री करतात. शेजारच्या दोन संस्था एकाच कंपनीकडे अर्ज करतात तेव्हा एकमेकींशी मोकळेपणाने बोलेनाशा होतात. मला हे नुकसान सगळ्यात मोठं वाटतं, कारण त्यांनी मूल एकमेकींकडे पाठवायला हवं असतं.

शिरूरमधल्याच वढू बुद्रुकला सिस्टर लुसी कुरियन यांनी 1997 मध्ये ‘माहेर’ ही संस्था सुरू केली. मनोरुग्ण निराधार स्त्रियांनाही तिथे आसरा मिळतो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मानसिक आजार आहे. अशा स्त्रीचं औषध, जेवण, रात्रीची सोबत 31 मार्चला संपत नाही.

कायदा इतका आखूड नाही. प्रशासकीय खर्चाची 5 टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराला आहे. प्रकल्पात प्रत्यक्ष शिकवणाऱ्या बाईंचा पगार त्यात धरायचा नसतो. सुरुवातीचं वर्ष सोडून आणखी तीन वर्षं चालणारा प्रकल्पही नियमांत बसतो. रांजणगाव-कुरकुंभच्या कंपन्यांनी तेवढ्या मुदतीचे करार करावेत आणि बजेटच्या पहिल्या ओळीत विशेष शिक्षिकेचा पगार लिहावा.