विश्वाचा सपाटपणा : एका शब्दाचा अर्थ

'विश्व सपाट आहे' हे विधान वाचताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पोळपाट किंवा ताट उभे राहिले तर त्यात त्याचा दोष नाही. दोष शब्दाचा आहे. पसरटपणा येथे मुळीच अभिप्रेत नाही. त्रिमितीय अवकाशाला मोठ्या पल्ल्यावर युक्लिडची भूमिती लागू पडते, एवढेच या शब्दाने सांगावयाचे असते. अवकाश आणि काल मिळून होणारी चतुर्मितीय रचना मात्र वक्रच असते.

परस्परांशी काटकोन करणारी दोन रेखावृत्ते उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंत आणली, तर होणाऱ्या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० नव्हे, २७० अंश भरते. म्हणजे पृष्ठभाग न सोडताही त्याची वक्रता मोजता येते. रीमानने १८५४ मध्ये गटिंगेन येथील व्याख्यानात ही कल्पना अधिक मितींच्या अवकाशापर्यंत नेली. आइन्स्टाइनने १९१५ मध्ये वक्रतेचे नाते द्रव्य व ऊर्जा यांच्याशी जोडले. विश्वाच्या प्रसरणाचा वेग लक्षात घेता घनता एका विशिष्ट मूल्याइतकी असेल, तरच अवकाश सपाट ठरते. हे मूल्य आज दर घनमीटरास हायड्रोजनच्या सुमारे पाच अणूंइतके, म्हणजे कल्पनातीत विरळ आहे.

येथेच खरा पेच होता. विश्व सपाट असावे, असे गूथच्या १९८१ च्या विस्फीती-सिद्धांतावरून अपेक्षित होते. पण दृश्य व अदृश्य सारे द्रव्य जमेस धरूनही हिशेब आवश्यक घनतेच्या एक-तृतीयांशाच्या आसपासच थांबे. सिद्धांत चुकला की मोजणी? निर्णयासाठी प्रचंड त्रिकोण हवा होता, आणि तो आदिम प्रारणात सापडला. १९६५ मध्ये आढळ जाहीर झालेले हे प्रारण विश्व सुमारे ३,८०,००० वर्षांचे असताना मोकळे झाले. तोवर ध्वनिलहरींनी कापलेले अंतर गणिताने ठाऊक आहे. तोच त्रिकोणाचा पाया. अवकाश गोलासारखे वक्र असते तर प्रारणातील डाग मोठे दिसले असते, खोगिरासारखे असते तर लहान. अंटार्क्टिकावर उडविलेल्या 'बूमरँग' बलूनच्या २००० मधील निष्कर्षांत ते सुमारे एक अंशाचे, सपाट अवकाशात दिसावेत तसेच आढळले. उरलेल्या दोन-तृतीयांशांचा धागा १९९८ मध्येच हाती आला होता : प्रसरणाचा वेग वाढत असल्याचे दिसले, आणि त्यामागील कृष्ण ऊर्जेने हिशेब पुरा झाला. 'प्लांक' उपग्रहाच्या २०१८ च्या विश्लेषणाने, इतर निरीक्षणांच्या जोडीने, वक्रतेचा वाटा शून्यापासून हजारांत दोन-तीन भागांहून दूर नसल्याचे दाखविले.

यावरून विश्व अनंत आहे असा निष्कर्ष अनेकजण घाईने काढतात. तो बरोबर नव्हे. कागदाची सुरळी केली तरी त्यावर काढलेल्या त्रिकोणाचे कोन १८० अंशच राहतात, आणि सुरळीला वळसा घालणारी मुंगी मात्र निघाल्या ठिकाणी परतते.