अंधारीचा गाळ आणि गोदावरीचे मुख

पावसाळ्यात अंधारी नदी गढूळ झाली की पोंभुर्णा परिसरातील कोणत्याही शाळेत करता येईल असा एक साधा प्रयोग आहे. मोठ्या माणसाने काठावरूनच दोन बाटल्या पाणी भरून आणावे. एका बाटलीत लिटरमागे दोन मोठे चमचे मीठ घालून ढवळावे. दुसरी नुसतीच हलवून शेजारी ठेवावी. वाळू दोन्ही बाटल्यांत लगेच तळाशी बसते. पुढे मात्र फरक दिसू लागतो. मिठाच्या बाटलीतील पाणी लवकर निवळते, तर दुसऱ्या बाटलीतील बारीक गाळ बराच काळ तरंगत राहतो.

असे का होते? चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. सारखा भार असल्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात आणि पाण्यात सुटे सुटे तरंगत राहतात. मिठातील धन आयन हा भार झाकून टाकतात. मग कण एकमेकांना चिकटतात, त्यांच्या गुठळ्या होतात आणि त्या जड होऊन खाली बसतात.

नदी जेथे समुद्राला मिळते तेथे निसर्ग हाच प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर करीत असतो. तेथे प्रवाहाचा वेग मंदावतो आणि गोड्या पाण्यात खारे पाणी मिसळते. गाळ साचतो, त्यातून नवी जमीन तयार होते. आपल्या बाटलीतील गाळ नदीतच राहिला असता, तर त्याने कोठे जमीन घडवली असती?

पाण्याचा मार्ग

नकाशा उघडून बोट फिरवू या. अंधारी वैनगंगेला मिळते. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहणाऱ्या वैनगंगेला पुढे चपराळ्याजवळ वर्धा भेटते. तेथून नदीचे नाव प्राणहिता. सिरोंचाजवळ प्राणहिता गोदावरीत शिरते. नंतर भद्राचलम, पापी टेकड्यांमधील अरुंद घळ, राजमहेंद्री आणि शेवटी बंगालचा उपसागर. हा सारा प्रवास सुमारे ५०० किलोमीटरचा आहे.

गोदावरी म्हटले की आपल्याला नाशिक आणि पैठण आठवतात. परंतु तिच्या सुमारे ३ लाख १३ हजार चौरस किलोमीटर खोऱ्यापैकी एक तृतीयांशाहून अधिक, म्हणजे सुमारे १ लाख ९ हजार चौरस किलोमीटर खोरे एकट्या प्राणहितेचे आहे. तेव्हा गोदावरीच्या मुखाशी काय घडते, हा विषय आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही.

राजमहेंद्रीच्या खाली धवळेश्वरमजवळ नदीला फाटे फुटतात. पूर्वेचा गौतमी, पश्चिमेचा वसिष्ठा. वसिष्ठेपासून पुढे वैनतेय हा आणखी एक फाटा निघतो. या फाट्यांमधील प्रदेश म्हणजे नारळी बागांसाठी प्रसिद्ध असलेली कोनसीमा. सुमारे ६ हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी बरीचशी स्थिरावली, त्यानंतर नदीने आणलेल्या गाळाने हा त्रिभुज प्रदेश समुद्रात पुढे सरकत गेला. जुन्या किनाऱ्यांच्या वाळूच्या रांगा आज समुद्रापासून दूर, गावांच्या आणि शेतांच्या मधोमध आढळतात. गौतमीच्या मुखाजवळ कोरिंगाचे खारफुटीचे जंगल आहे. काकिनाड्यासमोरील होप बेट ही वाळूची लांब पट्टी तर गेल्या दोनेक शतकांतच तयार झाली.

धवळेश्वरमचा बंधारा

एवढी मोठी नदी शेजारून वाहत असूनही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा प्रदेश सुखी नव्हता. १८३३ च्या सुमारास दुष्काळ पडला, १८३९ मध्ये चक्रीवादळाने कोरिंगा बंदराची दैना केली. पुराचे पाणी समुद्रात जाई आणि शेते कोरडी राहत. ऑर्थर कॉटन या अभियंत्याने फाटे फुटण्याच्या जागीच बंधारा घालून पाणी कालव्यांत वळवण्याची योजना मांडली. १८४७ ते १८५२ या काळात बंधारा बांधून झाला. दुष्काळी मुलूख भाताचे कोठार बनला आणि कॉटन यांचे नाव तेथे आजही आदराने घेतले जाते. जुन्या बंधाऱ्याच्या जागी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दरवाजे असलेला नवा बंधारा आला. त्यालाही कॉटन यांचेच नाव आहे.

या उपकाराची दुसरी बाजू मुखाशी दिसते. पावसाळा संपला की नदीतील बहुतेक पाणी कालव्यांत जाते. मग समुद्राला मागे रेटणारा गोड्या पाण्याचा प्रवाह क्षीण होतो आणि भरतीबरोबर खारे पाणी फाट्यांत खूप आतपर्यंत शिरते. समुद्रातून अंडी घालण्यासाठी नदीत चढणारा हिलसा मासा तेलुगूत पुलसा म्हणून प्रसिद्ध आहे. त्याची वाटही बंधाऱ्यापाशी अडते.

गाळ कोठे राहिला?

धवळेश्वरमचा बंधारा पाणी वळवतो, फारसे साठवत नाही. पुरात दरवाजे उघडले की गाळ बराचसा पुढे जातो. गाळ खरा अडतो तो वरच्या साठवण धरणांत, कारण तेथे पाणी संथ होते. आंध्र विद्यापीठातील अभ्यासकांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेले आकडे बोलके आहेत. १९७१ ते १९७९ या काळात धवळेश्वरमपाशी वर्षाला सरासरी सुमारे १५ कोटी टन गाळ येत असे. १९९० ते १९९८ या काळात तो पावणेसहा कोटी टनांच्या आसपास उतरला. १९७६ ते २००१ या २५ वर्षांत त्रिभुज प्रदेशाच्या किनाऱ्यावरील जमीन निव्वळ १,८३६ हेक्टरने घटली.

याचा अर्थ असा की किनारा ही कायमची रेषा नसते. लाटा रोज जमीन नेतात, नदी रोज भर घालते. भर कमी पडली की लाटांची सरशी होते.

आता पुन्हा आपल्याकडे येऊ. वैनगंगेवरील गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील भातशेतीला त्याच्या पाण्याची गरज आहे, हे नाकारता येणार नाही. मात्र त्याच्या जलाशयात साचणारा गाळ दोन्हीकडे नुकसान करतो. जलाशयाची साठवण घटते आणि मुखाची शिदोरी कमी होते. अंधारी या धरणाच्या खाली वैनगंगेला मिळते, म्हणून तिच्या गाळाला ते आडवे येत नाही. पण पुढे संगमाखाली २०१९ मध्ये सुरू झालेला मेडिगड्डा बंधारा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले. त्याहीपुढे राजमहेंद्रीच्या वर पोलावरमचे मोठे धरण उभे राहत आहे.

धरणे नकोत, असे आम्हांला म्हणायचे नाही. कॉटनपूर्व दुष्काळ कोणालाच परत नको आहे. पण धरणाचा हिशेब मांडताना पाण्याबरोबर गाळही मोजला पाहिजे, आणि हिशेबाची वही जलाशयाच्या भिंतीपाशी न मिटता समुद्रापर्यंत न्यायला हवी.

वर्गात हा हिशेब सहज करता येतो. साध्या पाण्याची बाटली पुरेशी निवळू द्यावी, तळाचा गाळ वाळवून तोलावा. समजा, लिटरमागे १ ग्रॅम गाळ निघाला. मग १ घनमीटर पाण्यात तो १ किलो होईल. पुरात सेकंदाला १,००० घनमीटर पाणी वाहत असेल तर सेकंदाला १ टन, आणि दिवसभरात ८६,४०० टन! प्रत्येक पुराला मोजमाप करून तारखेसह वहीत नोंदवावे. काही वर्षांनी ती वही शाळेचा मोलाचा ठेवा ठरेल. आणि पाठ्यपुस्तकातील त्रिभुज प्रदेशाच्या आकृतीकडे पाहताना एखादे मूल म्हणेल, ‘यातला थोडा गाळ आमच्या अंधारीचा आहे.’