गारपीट थांबली, लाईट गेली, आता काय?



आपल्या जालन्यात बर्फ पडत नाही. पण ११ फेब्रुवारी २०१८ चा रविवार आठवा. जालन्यासह मराठवाडा आणि विदर्भात अशी गारपीट झाली की रानं पांढरी झाली. गहू, हरभरा झोपला, द्राक्षं आणि मोसंबी झडली. त्याआधी २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्येही तेच झालं होतं. रानाच्या नुकसानीबद्दल सगळेच बोलतात. आज आम्ही बोलणार आहोत त्यानंतरच्या अंधाराबद्दल, कारण तो घरात बाईलाच निभवावा लागतो.

लाईट जाते का? वाऱ्यानं फांद्या तारांवर पडतात, खांब वाकतात. खांबावर चिनी मातीची इन्सुलेटर असतात. ती उन्हानं तापलेली असताना एकदम गार पाणी पडलं की त्यांना तडे जातात. एक फुटलं तरी सगळी लाईन बंद पडते आणि वायरमनला प्रत्येक खांब तपासत जावं लागतं. म्हणून वेळ लागतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. गारा थांबल्या की आपण पहिल्यांदा रानात धावतो. तिथं तार पडलेली असते. गावात लाईट नाही म्हणजे तार मेलेली आहे, असं कधीच धरू नका. लाईन पुन्हा चालू करून पाहतात, आणि त्या क्षणी ती तार जिवंत होते. ओल्या जमिनीतूनही करंट पसरतो. तारेपासून निदान तीस-पस्तीस फूट लांब राहा. लेकरं आणि जनावरं तिकडे जाऊ देऊ नका. आधीच जवळ गेला असाल तर पळू नका. पाय जमिनीला घासत, अगदी लहान पावलं टाकत मागे या. कुणी चिकटलं असेल तर त्याला हात लावू नका. महावितरणला १९१२ वर फोन करा. हा नंबर आजच भिंतीवर लिहून ठेवा. जखमी माणसासाठी १०८.

घरातही पत्रा, ओली भिंत आणि कपडे वाळत घालायची तार यांना लगेच हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा.

लाईट नाही म्हणजे मोटार नाही, नळ नाही, गिरणी नाही. म्हणून हवामान खात्याचा इशारा आला की त्याच दिवशी हंडे, पिंप भरा. दोन दिवसांचं पीठ दळून आणा. मोबाईल आणि बॅटरी चार्ज करा. लाईट गेल्यावर मोबाईलवर गाणी, व्हिडिओ नकोत. तीच चार्जिंग १९१२ ला लागणार आहे आणि पंचनाम्यासाठी पिकाचे फोटो काढायलाही. विहिरीत गढूळ पाणी उतरलं असेल तर गाळून, उकळूनच प्या.

घरात कुणाला इन्सुलिन लागत असेल तर फ्रिज बंद पडला म्हणून घाबरू नका. बाटली घट्ट झाकणाच्या डब्यात घाला आणि तो डबा माठाच्या गारव्यात ठेवा. पाणी आत जाता कामा नये. बाटली गारांमध्ये मात्र ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिन वाया जातं.

दिवा किंवा मेणबत्ती कडबा, पडदा आणि लेकरांपासून लांब ठेवा. झोपताना विझवा. जनरेटर असेल तर तो घरात लावू नका. त्याचा धूर जीव घेतो. अंधारात बाहेर जाताना पायात चप्पल आणि हातात बॅटरी हवीच.

लाईट येते तेव्हा दाब कमी-जास्त होतो. म्हणून गेल्याबरोबर मोटार, फ्रिज, टीव्हीची बटणं बंद करा आणि फक्त एक बल्ब चालू ठेवा. तो लागला की दहा मिनिटं थांबा, मग एकेक सुरू करा.

आणि शेजारी एकटी म्हातारी किंवा बाळंतीण असेल तर अंधार पडायच्या आत तिच्याकडे एक चक्कर मारा. पीक गेलं तर पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येतं. घरातलं माणूस गेलं तर ते परत येत नाही. म्हणून आधी तार बघा, मग रान बघा.