मामा तलावातला शिंपला काय सांगतो?

दगडावर घासून छिद्र पाडलेल्या शिंपल्याने कैरी कशी सोलायची, हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना सांगावे लागत नाही. पण हाच शिंपला जिवंतपणी तलावात काय करतो, याची माहिती थोड्यांनाच असते.

शिंपला हा दोन झडपांचा मृदुकाय प्राणी. गोगलगाय त्याची लांबची नातेवाईक. याच वर्गात ‘स्कॅलॉप’ येतो. ‘शेल’ कंपनीच्या चिन्हावरचा पंख्यासारखा शिंपला तो हाच. त्याचे कूळ पेक्टिनिडी आणि ते पूर्णपणे खाऱ्या पाण्यातले. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा मोठा स्कॅलॉप न्यूफाउंडलंडपासून केप हॅटेरासपर्यंत आढळतो. त्याला थंड पाणीच मानवते. शत्रू दिसला की झडपा फडफडवून तो चक्क पोहत पळतो.

आपल्या माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलावांतला शिंपला युनिओनिडी या गोड्या पाण्याच्या कुळातला. लांबट, पातळ कवचाचा तो लॅमेलिडेन्स. लहान, जाड आणि सुरकुतलेल्या कवचाचा तो पॅरेसिया. यांची पिल्ले सुरुवातीला माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून राहतात आणि मासा नेईल तिकडे पसरतात. म्हणूनच तलावातले मासे गेले की शिंपल्यांची पुढची पिढीही खुंटते.

मोठा झालेला शिंपला मात्र गाळात रुतून बसतो. त्याला स्कॅलॉपसारखे पळता येत नाही. तो दिवसाला कित्येक लिटर पाणी कल्ल्यांतून गाळतो, त्यातले शेवाळ व सूक्ष्मजीव खातो. पाणी स्वच्छ होते, पण पाण्यातले जंतू, शिसे, कॅडमियम त्याच्या अंगात साठत जातात.

आरोग्याचा प्रश्न इथेच येतो. शिंपल्याचे मांस प्रथिने, लोह देणारे आहे. ते खाणे वाईट नाही. मात्र ते कोणत्या पाण्यातले, हे पाहावे. गावाची गटारे मिळतात किंवा फवारणीचे पंप धुतले जातात, अशा तलावातले शिंपले खाऊ नयेत. चांगले उकळल्याने जंतू मरतात. शिसे, कॅडमियम जात नाही. टिचकी मारूनही उघडी झडप मिटत नसेल, तर तो शिंपला मेलेला समजून फेकून द्यावा. खाल्ल्यावर ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या किंवा दम लागला, तर ती अॅलर्जी असू शकते. घरगुती उपायात वेळ न घालवता रुग्णालय गाठावे. उलट्या-जुलाब झाल्यास ओआरएस लगेच सुरू करावे.

काठावर नुसती रिकामी कवचेच दिसू लागली आणि गाळात जिवंत शिंपला सापडेनासा झाला, तर गावाने सावध व्हावे. त्याच पाण्यात आपली जनावरे उतरतात, त्यातलेच मासे आपल्या ताटात येतात.