छत उचलण्यापूर्वी

अमेरिकेतील शाळेची पिवळी बस मुलांच्या मापाने बेतलेली असते, ही गोष्ट ती रस्त्यावरून जाताना पाहणाऱ्याच्या ध्यानी सहसा येत नाही. बाहेरून तिचा देह अवाढव्य. मोठ्या गाडीची लांबी चाळीस फुटांपर्यंत जाते आणि रस्त्यापासून छतापर्यंतची उंची साडेदहा फुटांच्या आसपास भरते. परंतु चाकांनी, चासीने आणि तळाने आपापला वाटा घेतल्यावर आत उभ्या राहणाऱ्याच्या पदरी जुन्या गाड्यांत सहा फूट आणि अलीकडच्या गाड्यांत फार तर साडेसहा फूट एवढाच अवकाश उरतो. शाळेने मोडीत काढलेली अशी गाडी लिलावात घेऊन तिचे घर करायचे म्हटले, की थंडीवाऱ्यापासून बचाव व्हावा म्हणून खाली आणि वर जे थर घालावे लागतात ते त्यातलेही तीन-चार इंच खातात. आणि मग घरधनी सहा फुटांहून उंच असला, तर उरलेली हयात त्याने मान वाकवून काढायची की छतच वर न्यायचे, असा प्रश्न उभा राहतो.

अशा फिरत्या घरांविषयी काही लिहून पाठवा, असे एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी मला कळवले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुधा रंगीत पडदे, खिडकीतल्या कुंड्या आणि मागच्या दारात गिटार घेऊन बसलेले जोडपे असावे. नॉर्थ कॅरोलायना राज्यातील एका भाड्याच्या आवारात मला जे पाहायला मिळाले त्यात यांपैकी काहीच नव्हते. एक आतून सोललेली बस, सहा फूट दोन इंच उंचीचा तिचा मालक, हिशेबाची वही सांभाळणारी त्याची पत्नी, आणि विमानदुरुस्तीच्या कारखान्यात पत्र्याचे काम करून निवृत्त झालेला एक मितभाषी कारागीर, एवढाच सरंजाम होता. छत वीस इंच वर न्यायचे मुक्रर झाले होते. पण ते उचलण्याचे काम अजून दूर होते, चालू होती ती केवळ पूर्वतयारी. आणि त्या पूर्वतयारीनेच मला असे काही गुंतवले, की पडदे आणि कुंड्या यांविषयी विचारायचे राहूनच गेले.

या वाहनाचा दप्तरी इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे. जॉर्जिया राज्यात आल्बर्ट ल्यूस यांनी १९२७ साली लोखंडी सांगाड्याची शाळेची गाडी बांधली, तिच्यातून पुढे ब्लू बर्ड ही कंपनी उदयास आली. नॉर्थ कॅरोलायनातल्याच हाय पॉइंट गावी ट्रामगाड्या बांधणाऱ्या पर्ली थॉमस यांच्या कारखान्याने, ट्रामचे दिवस फिरू लागल्यावर, १९३६ साली शाळेच्या गाड्यांकडे मोर्चा वळवला. १९३९ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात फ्रँक सिर या प्राध्यापकांनी परिषद भरवली आणि तीत गाडीची लांबी, उंची, मधल्या वाटेची रुंदी यांसह ४४ मानके ठरली. तो सुप्रसिद्ध पिवळा रंग हे त्या परिषदेचेच अपत्य. मोडीत निघालेल्या गाड्यांत बिऱ्हाड थाटण्याची हौसही जुनीच म्हणायची. केन केसी या कादंबरीकाराने १९६४ साली आपल्या मित्रमंडळींसह १९३९ सालच्या अशाच एका बसमधून देश पालथा घातला, आणि त्या मंडळींनी छताला भोकही पाडले होते; १९७१ साली स्टीफन गॅस्किन यांचे अनुयायी सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेल्या बसगाड्यांच्या तांड्यासह टेनेसीत जाऊन स्थिरावले. परंतु छताला भोक पाडणे निराळे आणि आख्खे छत सांगाड्यापासून विभक्त करून वर नेणे निराळे.

आपल्याकडे दापोडीच्या कार्यशाळेत एसटीच्या गाडीचा सांगाडा चासीवर चढताना ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या बसची रचना समजायला वेळ लागणार नाही. चासी एकाची, सांगाडा दुसऱ्याचा, हा प्रकार तिथेही आहेच. तळाच्या एका कडेपासून निघून, खिडक्यांच्या मधून सरळ वर जाऊन, छताशी कमानदार वळण घेऊन दुसऱ्या कडेला उतरणारी पोलादी पट्टी ही या सांगाड्याची बरगडी. तिचा छेद टोपीसारखा असतो: मध्ये उंचवटा आणि दोन्ही बाजूंना काठ. त्या काठांवर बाहेरून आणि आतून पत्रे रिबिटांनी जखडलेले असतात. बरगडी कापायची ती खिडक्यांच्या उंचीवरच, कारण तेवढ्याच भागात ती सरळ उभी असते आणि तिच्याच छेदाचा नवा तुकडा मध्ये बसवता येतो; कमानीच्या वळणात कापली, तर वरचा आणि खालचा भाग पुन्हा एका ओळंब्यात येणे अशक्यच.

पण कापण्यापूर्वी ती बरगडी उघडी पडली पाहिजे, आणि खरा प्रपंच तिथून सुरू होतो. आधी बाके निघतात. त्यांचे बोल्ट तळातून आरपार गेलेले; वर एकाने पान्हा धरायचा आणि खाली दुसऱ्याने गाडीखाली उताणे पडून नट फिरवायचा, असे शास्त्र असले तरी पंधरा हिवाळ्यांतले रस्त्यावरचे मीठ खाऊन ते नट बोल्टाशी एकजीव झालेले असतात, आणि शेवटी ग्राइंडरचाच आश्रय घ्यावा लागतो. मग रबरी अस्तर, त्याखालचे कुजके प्लायवूड, त्याखाली गंजलेला पत्रा. तो घासून, फॉस्फरिक आम्ल फासून, रंगाचा हात देऊन ठेवायचा. मग आतले छत: त्याच्या पत्र्यांआड काचेची मळकट लोकर, उंदरांची बिळे, गांधीलमाश्यांची पोळी आणि वायरींचे भेंडोळे. थांबण्याच्या लाल दिव्यांची वायर, कडेच्या दिव्यांची, मागच्या संकटकालीन दाराच्या घंटेची अशा प्रत्येक वायरीला मालकाच्या पत्नीने चिठ्ठी बांधून ठेवली होती. छत वर गेले की या सगळ्या आखूड पडणार, आणि तेव्हा कोणती कुठली हे सांगायला गाडीचा कोणताही दस्तऐवज उपयोगी पडत नाही, असे तिने मला वही दाखवीत सांगितले.

माझा बहुतेक वेळ गेला तो कारागीर आणि रिबिटे यांच्यातील झुंज पाहण्यात. खिडक्यांखालच्या आणि वरच्या पत्र्यांना हजारोंनी रिबिटे होती. अडाणी माणूस ती ड्रिलने काढायला जातो. मग डोके सुटते, रिबीट ड्रिलबरोबर गरगर फिरू लागते आणि छिद्र अंडाकृती होऊन बसते. हा गृहस्थ हवेच्या दाबावर चालणारी छिन्नी वापरीत असे. तिचे दोन्ही कोपरे त्याने घासून गोल केले होते, म्हणजे ती घसरली तरी पत्र्याला खाच पडत नाही. रिबिटाच्या डोक्याखाली तिरपी धार टेकवायची, घोडा दाबायचा, आणि कान द्यायचा. डोके घट्ट असेतो आवाज भरीव, ते सुटू लागले की किंचित पोकळ. तो पोकळपणा ऐकू येताच हात आपोआप सैल होत असे, आणि डोके टपकन खाली पडे. मग पंच टेकवून हातोडीचा एक टोला, की उरलेला दांडा आत निघून जाई. प्रत्येक छिद्र शाबूत आणि वाटोळे उरले पाहिजे असा त्याचा आग्रह होता, कारण नव्या पत्र्याची रिबिटे पुन्हा त्याच ओळीत बसवायची होती. "काढणं म्हणजे उलट्या दिशेनं बांधणंच," असे तो म्हणाला, आणि त्यानंतर बराच वेळ काही बोलला नाही.

या रिबिटांच्या हट्टाचे कारण मात्र त्याने पुढे सांगितले, आणि ते ऐकल्यावर माझ्या कौतुकात काळजीचा अंश मिसळला तो कायमचाच. २१ मे १९७६ रोजी कॅलिफोर्नियातील मार्टिनेझजवळ यूबा सिटीच्या शाळेतील गायनपथकाची बस पुलावरून उतरणाऱ्या वळणावर कठडा तोडून खाली कोसळली आणि छतावर आदळली; २८ विद्यार्थी आणि एक प्रौढ व्यक्ती असे २९ जीव त्यात गेले. शाळेच्या गाड्यांच्या सुरक्षिततेचा कायदा संसदेने १९७४ सालीच संमत केला होता, परंतु त्याखालील मानके अमलात येण्यास एप्रिल १९७७ उजाडावा लागला. त्या मानकांबरहुकूम, मोठ्या गाडीच्या छतावर तिच्या रिकाम्या वजनाच्या दीडपट भार घातला तरी ते ५ १/८ इंचांहून अधिक खाली दबता कामा नये. म्हणजे समजा आठ हजार किलोंची गाडी असेल, तर बारा हजार किलो छताने तोलले पाहिजेत, आणि तो भार असतानाही संकटकालीन दार उघडले पाहिजे. दुसरे मानक सांध्यांचे: जोडलेल्या दोन पत्र्यांपैकी जो दुबळा त्याच्या बळाच्या निदान साठ टक्के बळ सांध्यात असावे. रिबिटांच्या त्या दाट ओळी या फर्मानांमुळे आल्या. छिन्नीला जो विरोध जाणवत होता तो गंजाचा थोडा आणि कायद्याचा फार; आणि आता तीच बरगडी, जी मुलांच्या माथ्यावर छत कोसळू नये म्हणून एकसंध ठेवली गेली, ती दोन्ही बाजूंना कापायची होती.

कारागिराला याची जाणीव माझ्याहून अधिक होती, म्हणूनच त्याची तयारी मला भित्रेपणाच्या सीमेपर्यंत गेलेली वाटली. गाडी त्याने सपाट काँक्रीटवर उभी केली होती आणि चासीखाली लोखंडी आधार दिले होते, कारण स्प्रिंगांवर आणि टायरांवर उभी गाडी माणूस चढला-उतरला तरी हलते आणि मापे खोटी ठरवते. प्रत्येक बरगडीला क्रमांक होता. कापण्याची रेषा त्याने खिडकीच्या चौकटीपासून न मोजता तळापासून मोजली होती, कारण चौकटी कुठे ना कुठे ठोकर खाऊन वाकलेल्या असतात. कमान कापली की तिचे पाय फाकू पाहतात. म्हणून कापाच्या खाली एक आणि वर एक अशा आडव्या नळ्या एका भिंतीपासून दुसरीपर्यंत वेल्डिंगचे टाके मारून बसवल्या होत्या, आणि पुढून मागून दोन्ही कर्ण मोजून वहीत नोंदले होते. चारही कोपऱ्यांत एकात एक सरकणाऱ्या चौकोनी नळ्यांची जोडी होती, की छत वर जाताना डोलू नये, फक्त सरळ चढावे. काप घ्यायचे ते मधल्या बरगड्यांपासून, आणि कोपऱ्यातल्या चार अगदी शेवटी.

बरगड्यांवर जस्ताचा मुलामा असतो. तो तसाच ठेवून वेल्डिंग केले तर जस्ताच्या वाफांनी रात्री थंडी वाजून ताप भरतो, म्हणून प्रत्येक कापाच्या वरखाली बोटबोट लोखंड उघडे घासून ठेवले होते. बॅटरीच्या तारा सोडवल्या होत्या आणि इंजिनाच्या संगणकाची जोडणीही काढली होती, कारण वेल्डिंगचा प्रवाह चुकीच्या वाटेने गेला तर हजारो डॉलरांचे ते यंत्र क्षणात निकामी होते. प्रत्यक्ष उचलणे हे त्या मानाने सोपे: चार कोपऱ्यांना चार जॅक, आणि चौघांनी एका तालात दोन-दोन दाते चढवत जायचे. एका दुपारी आटोपते म्हणतात. त्यानंतर बरगड्यांत नवे तुकडे, पुढच्या काचेपासून उंचावलेल्या छतापर्यंत तिरपा उतार, आणि नवे पत्रे, यांना मात्र काही महिने.

तिरप्या उताराचा प्रश्न अजून सुटलेला नव्हता. पुढच्या काचेवरचा भाग आहे तिथेच ठेवायचा आणि पहिल्या खिडकीच्या अंतरात वीस इंच चढायचे, तर तो चढ फार उभा होतो, वारा तिथे थेट आदळतो आणि इंधनाचा खप वाढतो. दोन खिडक्यांच्या अंतरात चढावे, तर स्वयंपाकाच्या जागेचा डोके आपटणारा भाग पुन्हा राहतोच. मागे संकटकालीन दार मूळच्या उंचीवर ठेवून त्याच्या माथ्यावर कापायचे ठरले होते, पण त्या ठिकाणी बिजागऱ्या, घंटेची वायर आणि दुहेरी पत्रा हे सारे एकत्र आल्याने कारागीर ते काम रोज उद्यावर ढकलीत होता.

आणि उंचीचा हिशेब. बहुतेक पूर्वेकडील राज्यांत वाहनाची कायदेशीर उंची १३ फूट ६ इंच. त्या दृष्टीने १२ फूट २ इंच भरणारी ही बस निर्धास्त. पण पूल कायदा वाचून बांधलेले नसतात. याच राज्यात डरहॅम शहरी ग्रेगसन मार्गावरचा रेल्वेपूल ११ फूट ८ इंच उंचीचा होता, आणि ट्रकांची छपरे सोलून काढण्यात त्याने इतका लौकिक मिळवला, की २०१९ साली रेल्वेने तो आठ इंच वर उचलला. म्हणजे उरले दोन इंच, आणि छतावर हवेचा पंखा बसवला की तेही गेले. न्यूयॉर्क राज्यात सिराक्यूसजवळ १० फूट ९ इंचांचा पूल आहे. २०१० साली एक दुमजली प्रवासी बस त्यावर आदळून चार माणसे मेली. मूळच्या उंचीची शाळेची बस त्याखालून अंग चोरून निघून जाईल. उचललेली जाणार नाही.

सर्वांत चिवट अडचण विम्याची निघाली. गाडीच्या कागदपत्रांवर शाळेची बस हा प्रकार बदलून निवासी वाहन असा दाखला मिळवायचा, त्यासाठी थांबण्याचा फलक आणि लाल दिवे काढायचे, पिवळा रंग घालवायचा, हे ठरलेलेच होते. पण छत उचललेले आहे असे कळवताच एका विमा कंपनीने नकार दिला, दुसरीने परवानाधारक अभियंत्याचा अहवाल मागितला, आणि असा अहवाल देणारा कोणी भेटेना. कारण वेल्डिंग घरचे, पोलाद बाजारातले, आणि उलटल्यावर या छताचे काय होईल हे पाहायला दुसरी तशीच बस चिरडून बघावी लागेल. अमुक एक बदल अमुक इतका भक्कम, असे लिहून सही करायला कोण धजेल? मालकाची पत्नी या पत्रव्यवहाराची नोंदही त्याच वहीत ठेवीत होती, वायरींच्या यादीच्या मागल्या पानावर.

कारागिराचे मत असे पडले, की वीस इंच हा हव्यास आहे. सहा फूट दोन इंचांच्या माणसाला, थर वजा जाऊन, बारा इंचांत टोपी घालूनही उभे राहता येते. तुकडे आखूड तितका सांधा ताठ, उतार सौम्य, आणि डरहॅमच्या पुलाखाली पंख्यासाठी जागाही उरते. वरच्या बाजूला फळीचे बिछाने टांगण्याचा मालकाचा बेत त्यामुळे रद्द होणार होता, म्हणून त्यावर दोन संध्याकाळी वाद झाला. अखेर चौदा इंचांवर तडजोड झाली, आणि नव्या तुकड्यांसाठी मूळ बरगडीहून जाड पत्रा मागवायचे ठरले. त्यामुळे वहीतला खर्चाचा आकडा वाढला. प्रवासात मागच्या भागात कोणी बसायचे नाही, हा नियम मात्र कोणत्याही खात्याने न सांगता त्यांनी स्वतःच घालून घेतला आहे. मी निघालो तेव्हा खडूच्या जुन्या रेषा पुसून, पुन्हा तळापासून मोजून, नव्या आखण्याचे काम चालू होते.