पांढरीच्या टेकाडांना वाली कोण?

धरण, लोहमार्ग वा महामार्ग यांची आखणी होते तेव्हा वाटेतील घरे, झाडे, विहिरी यांची रीतसर मोजदाद होते. मातीखाली गाडल्या गेलेल्या वस्तीचा शोध आधी घेतलाच पाहिजे, अशी सर्वसाधारण सक्ती मात्र आपल्याकडे नाही. अधिकाऱ्यांच्या अनास्थेवर बोट ठेवून हा प्रश्न सुटणार नाही. दोष कायद्याच्या घडणीतच आहे. प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा केंद्रीय कायदा संरक्षित म्हणून जाहीर झालेल्या स्थळांभोवतीच मुख्यतः फिरतो. २०१० च्या दुरुस्तीने अशा स्थळापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई केली व त्यापुढील २०० मीटरांत परवानगीचे बंधन घातले. किल्ल्याच्या तटाशेजारी राहणाऱ्या गृहस्थास त्यामुळे नवे घर बांधता येत नाही. आणि गोदा, प्रवरा, घोड यांच्या काठची अनाम टेकाडे भरावासाठी खणली गेली, तर त्यांची माती ब्रासच्या हिशेबाने मोजून मोकळे होता येते! जोर्वे व इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची घरे, चुली, रांजण उजेडात आले ते अशाच पांढरीतून. दहा रुपयांहून अधिक किमतीचे निखात धन सापडल्यास कलेक्टरास कळवावे, असे १८७८ च्या कायद्याने फर्मावले होते. चुलीची किंमत किती धरावी?

मनात आणले तर काय होऊ शकते, हे नागार्जुनकोंड्याने दाखविले आहे. नागार्जुनसागराच्या पाण्याखाली जाणाऱ्या त्या खोऱ्यात १९५४ ते १९६० पर्यंत उत्खनन चालले, इक्ष्वाकूंची राजधानी उलगडली आणि निवडक वास्तू उंचावर नेऊन पुन्हा उभारण्यात आल्या. पण ते खोरे १९२६ पासूनच विख्यात होते. ज्या टेकाडाला कीर्ती नाही, त्याच्यासाठी कायदाच हवा.

फ्रान्सने तो २००१ साली केला. बांधकामापूर्वी चाचणीचे चर खणण्याचा आदेश तेथील शासन देऊ शकते व त्या खर्चाचा भार बांधणाऱ्यांवर पडतो. यामुळे कामे रखडतील, ही हाकाटी आम्हांस पटत नाही. कामे रखडतात ती पाया अर्धा खणून झाल्यावर अवशेष निघाले म्हणजे. चर आधी घेतले, तर जेथे काही नाही ती जमीन तत्काळ मोकळी करता येते.

महाराष्ट्राचा स्वतःचा १९६० चा कायदा आहे, राज्याचे पुरातत्त्व खाते आहे आणि इनामगाव खणणारे डेक्कन कॉलेज पुण्यातच आहे. मोठ्या प्रकल्पाच्या भूसंपादनाबरोबरच पुरातत्त्वीय पाहणी व्हावी आणि तिचा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात धरावा, एवढे एक कलम त्या कायद्यात घालण्यास विधिमंडळाला एक अधिवेशन पुरे आहे.