पोराला प्लंबिंग शिकवा, पण कागदासकट



आडसालीच्या लागणी आणि आयटीआयचे प्रवेश दरवर्षी एकाच सुमारास येतात. लागणीच्या नोंदीसाठी आपण गट ऑफिसला चार हेलपाटे घालतो. पोराच्या प्रवेशाची तारीख मात्र निघून गेल्यावर कळते. शेतकी खात्याने हा विषय का काढला, असे कुणी विचारील. शिवारात फिरताना आम्हाला दिसते ते असे : चार एकरांचे दोन भावांत दोन-दोन झाले, पुढच्या पिढीत एकेक होणार. एका एकराच्या उसावर संसार भागत नाही, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

प्लंबिंगचे नाव काढले की, "आमच्या पोराने दुसऱ्याच्या मोरीत हात घालायचा काय?" हे ठरलेले. अहो, ठिबकची सब-मेन फुटली की तालुक्याहून माणूस येईपर्यंत वाट बघत बसणारे आपणच ना? 2019 साली जलजीवन मिशन सुरू झाले आणि वाड्यावस्त्यांवर नळ गेले. नळ आला की गळतीही आली, आणि दुरुस्तीला माणूस गावातच लागतो.

काम वाटते तितके सोपे नाही. पाण्याची उंची 10 मीटर वाढली की तळाशी दाब चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलोने वाढतो. उपशाच्या लाइनीवर वीज गेली की चढावरचे पाणी उलटे फिरते आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह धड नसेल तर तडाख्याने जोड उखडतो. मग आपण पाइपाच्या कंपनीला शिव्या देतो! न्हाणीघरातल्या नहाणी ट्रॅपमध्ये पाणी साठून राहते, ते गटाराची घाण हवा घरात येऊ नये म्हणून. ते न कळल्याने ट्रॅपच काढून टाकणारे महाभाग आम्ही पाहिले आहेत. नुसते बघून शिकलेल्या पोराच्या हाताला वळण येते, पण असे का करायचे ते त्याला सांगता येत नाही. दर ठरवताना तिथेच तो मार खातो. कंत्राटदाराकडे पाच-पाच वर्षे राबून हातात एक चिठोरेही नाही, अशी पोरे गावोगाव आहेत.

यासाठी आधी आयटीआय. प्लंबर ट्रेड एक वर्षाचा आहे. पाइप कापणे, आटे पाडणे, नकाशा वाचणे, लाइनीची दाबचाचणी घेणे, सगळे हाताने करून घेतात. त्यानंतर 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली उमेदवारी करावी. 2019 च्या नियमांनुसार 30 किंवा जास्त माणसे कामाला असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले. दरमहा विद्यावेतन मिळते, शेवटी परीक्षा होते आणि देशभर चालणारे प्रमाणपत्र हाती पडते. एक मात्र पक्के ध्यानात ठेवा. उमेदवारी म्हणजे नोकरी नव्हे. करारात तसे लिहिलेले नसेल तर मुदत संपल्यावर कामावर ठेवायला मालक बांधलेला नाही. करार रीतसर नोंदवला की नाही, हे बापाने स्वतः जाऊन बघावे. उसाच्या वजनाला काट्यावर उभे राहतोच की!

आता पुढच्या कॉलेजचे. इथे बरेच जण फसतात. दहावी पास होऊन दोन वर्षांचा ट्रेड केलेल्याला पॉलिटेक्निकमध्ये डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. फिटर दोन वर्षांचा आहे, प्लंबर एक वर्षाचा. म्हणजे प्लंबर झालेल्याला पुढे डिप्लोमा करायचा तर पहिल्या वर्षापासून बसावे लागते. पोराला शिकायची ओढ असेल तर फिटर घ्यावा. पाइपाचे काम त्यालाही जमते. घरची ओढाताण असेल आणि लवकर कमाई हवी असेल तर प्लंबर बरा. आमचे मत विचाराल तर गणितात बरा असलेल्या पोराला एका वर्षाच्या घाईपायी प्लंबरला घालू नये. देणगी भरून इंजिनिअरिंगला घालण्यासाठी जमीन गहाण टाकण्याचा तर विचारही नको. मुलींनाही हे ट्रेड खुले आहेत, हे घरात सांगा.

दहावीचा निकाल लागला की प्रवेशाचे ऑनलाइन अर्ज सुरू होतात. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका आणि लागत असेल तर जातीचा दाखला आधीच काढून ठेवा. लागणीची नोंद द्यायला याल तेव्हा ही कागदपत्रे आणि पोरगा, दोन्ही बरोबर आणा. गट ऑफिसातला चिटबॉय अर्ज भरून देईल.